बीएस्सीची रफ वही फेकू नका: रिफ्लेक्शन कसं लिहायचं आणि पोर्टफोलिओ कसा बांधायचा

प्रॅक्टिकल परीक्षा संपली की आमच्या लॅबच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये रद्दी साठते. त्यात सगळ्यात जास्त असतात रफ वह्या. ॲसिडचे डाग पडलेल्या, पानं सुटलेल्या, कडेला घाईघाईत आकडेमोड केलेल्या. फेअर जर्नल मात्र कव्हर घालून, सर्टिफिकेटवर सही-शिक्का घेऊन घरी कपाटात जातं. मी बारा वर्षं केमिस्ट्री शिकवतेय आणि दरवर्षी हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पोरं तीन वर्षांत जे स्वतःच्या हातानं शिकली ते रद्दीत चाललेलं असतं आणि जे सीनियरच्या जर्नलमधून उतरवलं ते जपून ठेवलेलं असतं.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, त्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आहे, कम्युनिटी एंगेजमेंट आहे, आणि प्रत्येकाचा रिपोर्ट लिहायचा असतो. त्या रिपोर्टच्या शेवटी रिफ्लेक्शन लिहा म्हटलं की मुलं माझ्याकडे येतात, मॅडम यात लिहायचं काय? आणि मग बहुतेक जण लिहितात, "या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं." आता हे वाक्य कुठल्याही रिपोर्टला चिकटवता येतं, गांडूळ खताच्या पण आणि स्पेक्ट्रोस्कोपीच्या पण. म्हणून जे मी वर्गात तुकड्या-तुकड्यात सांगते ते इथे एकदा सलग लिहून ठेवते. उदाहरणं केमिस्ट्रीची जास्त येतील, पण पद्धत सगळ्यांना चालेल.

आधी रिफ्लेक्शन म्हणजे काय ते थोडक्यात

डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ मध्ये मांडलं होतं की चांगला काम करणारा माणूस दोन वेळा विचार करतो, एकदा काम चालू असताना आणि एकदा काम झाल्यावर. लॅबमध्ये हे रोज घडतं. ब्युरेटचा नळ फिरवताना मनात येतं, अरे रंग जायला एवढा वेळ का लागतोय, हा झाला पहिला. आणि घरी जाताना एसटीत खिडकीशी बसल्यावर आठवतं की आपण पिपेट धुतलीच नव्हती, हा दुसरा. दोन्ही विचार सगळ्यांच्या डोक्यात येतात. लिहून कुणी ठेवत नाही, आणि पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलपर्यंत ते गेलेले असतात.

लिहायला तीन प्रश्न पुरतात. टेरी बोर्टन नावाच्या शिक्षकानं १९७० मध्ये ते दिले होते. काय झालं? मग त्याचं काय? आता काय? बस एवढंच. ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र पण नेटवर सगळीकडे सापडेल, त्यात आपल्याला काय वाटलं, चांगलं काय, वाईट काय असे टप्पे आहेत, ते महिन्यातून एकदा किंवा फील्ड प्रोजेक्ट संपल्यावर वापरा, रोजच्या प्रॅक्टिकलला वापरायला गेलात तर दोन आठवड्यांत कंटाळून सोडून द्याल हे मी बघितलंय.

एक खरी नोंद कशी दिसते

एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांकडून येणारी नेहमीची नोंद अशी असते (टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं, आणि रंग बदलतो तो एंड पॉइंट):

"आज पर्मँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन केलं. एंड पॉइंट फिकट गुलाबी आला. प्रयोग व्यवस्थित पार पडला. टायट्रेशनचं महत्त्व समजलं."

आणि आता ही बघा. एका मुलाच्या रफ वहीत मी अशा प्रकारची नोंद वाचली होती, आठवेल तशी लिहिते:

"पायलट (ढोबळ अंदाजाचं रीडिंग) ९ ते १०. पहिल्या रीडिंगला फ्लास्कमध्ये ब्राऊन गढूळपणा आला, गुलाबी दिसेचना. ओतून दिलं. वाटलं पर्मँगनेट जुनं असेल. पण शेजारच्या टेबलवर तीच बाटली होती आणि त्यांचं नीट आलं, म्हणजे बाटलीचा दोष नाही. मग आठवलं की डायल्युट सल्फ्युरिक मी अर्धीच टेस्ट ट्यूब घातलं होतं. शिवाय गरम केल्यावर मित्राशी बोलत बसलो, फ्लास्क कोमट झाला होता. दुसऱ्या वेळी ॲसिड पूर्ण टेस्ट ट्यूब आणि गरम असतानाच टायट्रेट केलं, ९.६. तिसऱ्याला पण ९.६. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या त्यामुळे गढूळपणा नक्की कशानं आला ते कळलं नाही. पुढच्या वेळी ॲसिड पूर्ण ठेवून फक्त थंड करून बघायचं. आणि सुरवातीचे एक-दोन थेंब रंग सोडायला खूप वेळ लावतात, नंतरचे पटकन सोडतात, असं का?"

या पानावर स्पेलिंग चुकलेलं होतं, अक्षर वाकडं होतं, आणि तरी मला ते त्याच्या अख्ख्या जर्नलपेक्षा जास्त आवडलं. का ते सांगते. एक, त्यानं पहिला संशय बाटलीवर घेतला आणि तो संशय शेजारच्या टेबलकडे बघून स्वतःच खोडला, हेच तर सायन्स आहे. दोन, त्याला कळलं की आपण दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या म्हणून आता कारण सांगता येत नाही. कंट्रोल म्हणजे काय हे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलंय, पण इथे तो ते स्वतः चटका बसून शिकला. आणि तीन, शेवटचा प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे, रिॲक्शनमध्ये तयार होणारा मँगनीजचा आयनच पुढच्या रिॲक्शनचा कॅटलिस्ट होतो म्हणून ती नंतर जोर धरते, ऑटोकॅटलिसिस म्हणतात त्याला. सगळे ही व्याख्या पाठ करतात. पण ज्याला आधी प्रश्न पडला आणि मग उत्तर मिळालं त्याला ती परीक्षा झाल्यावर पण आठवते. (तो ब्राऊन गढूळपणा मँगनीज डायऑक्साइडचा, ॲसिड कमी पडलं की येतो.)

म्हणजे लिहायचं काय, तर आकडे, रंग, वास, वेळ, आपण नक्की काय केलं, पहिला अंदाज काय होता, तो का टिकला किंवा का नाही टिकला, आणि पुढच्या वेळी करायची एक गोष्ट. एकच. पाच संकल्प लिहिले की एकही होत नाही.

कधी लिहायचं, कशात लिहायचं

ॲप्रन काढायच्या आधी. याच्यावर मी कुणाचं काहीही ऐकून घेणार नाही! घरी जाऊन लिहू म्हटलं की एकतर राहून जातं, आणि राहिलं नाही तर डोकं ती गोष्ट नीटनेटकी करून टाकतं, गढूळ फ्लास्क गायब होतो आणि "प्रयोग व्यवस्थित पार पडला" उरतं. लॅबचे मामा गॅस बंद करायला फिरायला लागले की समजायचं वेळ झाली, काचेची भांडी धुवून ठेवा आणि दहा मिनिटं स्टुलावर बसून लिहा.

शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. पानांना नंबर घाला, तारीख टाका, पेननं लिहा. चुकलं तर एक सरळ रेघ मारा, अशी की खालचं वाचता येईल, आणि शेजारी बरोबर लिहा. व्हाइटनर अजिबात नको. हे मी शिस्त म्हणून सांगत नाहीये, तुमच्यातले कितीतरी जण पुढे फार्मा कंपनीच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये जाणार आहेत, तिथे अल्कोआ नावाचं तत्त्व शिकवतात, म्हणजे नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, त्याच वेळी केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि अचूक पाहिजे. तिथे जुना आकडा वाचता येणार नाही असा खोडून वर दुसरा लिहिला तर तो गंभीर प्रकार धरतात. ही सवय एफवायपासून लागली तर तिथे गेल्यावर जड जात नाही.

नोंदींना पण नंबर द्या. मायकेल फॅरेडे हा इंग्लिश शास्त्रज्ञ १८३२ पासून आपल्या प्रयोगांच्या डायरीत परिच्छेदांना सलग नंबर देत गेला, ते सोळा हजारांच्या पुढे गेले. त्याचा फायदा असा की नवीन प्रयोग लिहिताना जुन्या नोंदीकडे नुसत्या नंबरानं बोट दाखवता येतं. तुमचे सोळा हजार होणार नाहीत, तीन वर्षांत शंभर-दीडशे झाले तरी खूप. पण "नोंद १७ मधला प्रश्न, आज उत्तर मिळालं" असं नोंद ४३ मध्ये लिहिता आलं की बघा कसं वाटतं. आणि पुढे पोर्टफोलिओ बांधताना हेच धागे कामाला येतात.

आता रीडिंग बसवण्याबद्दल. सगळ्यांना माहितीय, सगळे करतात, सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) जुळत नसलं की ९.८ चं ९.६ करायचं. मुलांवर चिडून उपयोग नाही, मार्क जुळण्याला असतात म्हणून ती जुळवतात. पण रफ वहीत तरी खरं लिहा. फिजिक्सवाल्यांना मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा प्रयोग माहीत असेल. १९१३ च्या पेपरमध्ये त्यानं ५८ थेंबांचे आकडे दिले आणि तेवढेच सगळे आहेत असं म्हटलं. त्याच्या वह्या अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या संग्रहात राहिल्या, पुढे अभ्यासकांनी त्या उघडल्या तेव्हा त्यात त्याहून बरेच जास्त थेंब निघाले, बाजूला शेरे लिहिलेले. काहींनी त्याला दोष दिला, काहींनी म्हटलं की वगळायला चांगली कारणं होती. पण हा वाद घालता तरी आला, कारण वही होती आणि वहीत सगळं होतं. तुम्हाला एखादं रीडिंग वगळायचंय तर वगळा, पण ते रीडिंग वहीत दिसू दे आणि शेजारी कारण लिहा: नोझलमध्ये हवेचा बुडबुडा होता, किंवा एंड पॉइंटच्या पुढे गेलं.

सगळं नीट झालं तर काय लिहायचं?

हा प्रश्न हुशार मुलांचा असतो. उपाय सोपा आहे, प्रयोगाच्या आधी अंदाज लिहा. दोन ओळी. "मला वाटतं रीडिंग ८ ते १२ मध्ये येईल कारण..." किंवा बॉटनीवाल्यांनी "कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर विभाजनाच्या सगळ्या अवस्था दिसतील." मग स्लाइडवर सगळ्या पेशी नुसत्या इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन चालू नसलेल्या अवस्थेत दिसतात आणि प्रश्न आपोआप तयार होतो. मुळाचा शेंडा घेतला की मागचा भाग घेतला? किती मिलिमीटर कापला? मायक्रोबायोलॉजीत ग्रॅम स्टेनिंग करताना अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की एरवी जांभळे दिसणारे ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया पण ग्रॅम निगेटिव्हसारखे गुलाबी दिसतात, आता ज्यानं आधी "जांभळे दिसतील" असं लिहिलंय तोच दचकतो, बाकीचे गुलाबी बघून ग्रॅम निगेटिव्ह लिहून मोकळे होतात.

भाषेबद्दल

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे अडकतात. इंग्रजीत लिहायचं म्हणून ती फक्त तेवढंच लिहितात जेवढं इंग्रजीत येतं, आणि ते "एक्सपेरिमेंट वॉज सक्सेसफुल" पलीकडे जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की रफ वही तुमच्या भाषेत लिहा. मराठी, मराठी-इंग्रजी मिसळून, वऱ्हाडी, मालवणी, घरी बोलता तशी. "द्रावण लईच गडद झालं, खालचा मेनिस्कस दिसंना, वरचा धरला" हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या एकदम बरोबर आहे, पर्मँगनेटला वरचाच मेनिस्कस (नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची कड) वाचतात. विचार मराठीत पक्का झाला की त्याचं इंग्रजी करायला डिक्शनरी आहे, मित्र आहेत, आम्ही आहोत. विचारच नसेल तर भाषांतर कशाचं करणार?

आता पोर्टफोलिओ

वही म्हणजे पोर्टफोलिओ नाही. वहीत सगळं असतं, पोर्टफोलिओत निवडलेलं असतं. आणि सगळी सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये लावली की झाला पोर्टफोलिओ असं पण नाही. वेबिनारची वीस ई-सर्टिफिकेटं कुणी वाचत नाही. मी मुलांना सांगते की तीन वर्षांत दहा ते बारा वस्तू पुरेत, आणि प्रत्येक वस्तूसोबत पाच-सहा ओळींची चिठ्ठी: हे काय आहे, मी हे का निवडलं, यातून माझ्यात काय बदललं. ती चिठ्ठीच पोर्टफोलिओचा जीव आहे.

काय निवडायचं? एक फसलेला प्रयोग आणि त्याच्यासोबत तोच पुन्हा केलेला, ही जोडी मी सगळ्यात वर ठेवीन. एफवायला काढलेला एखादा ग्राफ, स्केल चुकलेला, अक्षांवर एकक न लिहिलेला, आणि टीवायचा ग्राफ त्याच्या शेजारी. लाल पेनानं भरलेली एखादी असाइनमेंट आणि ती सुधारून लिहिलेली. फील्ड प्रोजेक्ट असेल तर छापील रिपोर्टसोबत शेतात किंवा ओढ्याकाठी लिहिलेल्या मूळ पानाचा फोटो, म्हणजे विहिरीच्या पाण्याचे नमुने घेतले असतील तर बाटलीवरचं लेबल, वेळ, त्या दिवशी पाऊस होता का, हे सगळं त्या पानावर असतं आणि रिपोर्टमध्ये गळून गेलेलं असतं. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर "माझा वाटा" म्हणून स्पष्ट लिहा, चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही फक्त टायट्रेशन केली असतील तर तेच लिहा, त्यात कमीपणा काही नाही. एक्सेलची शीट, पायथनचा छोटा कोड, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला नेलेलं पोस्टर, सेमिनारच्या स्लाइड्स, यातलं जे खरंच तुमचं आहे ते. आणि शक्य असेल तर विषयाबाहेरची एक गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीनं घरच्या द्राक्षबागेत फवारणीचं द्रावण कसं बनवतात, त्यात पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग, याचा) हिशोब बाबा कसा करतात आणि कॉलेजात शिकलेल्या हिशोबाशी तो कुठे जुळतो कुठे नाही, असं दोन पानं लिहिलं होतं. मला तो तिच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा भाग वाटला.

पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि त्याच्यानंतर एक पान "मी एफवायला आले तेव्हा आणि आता". हे पान सगळ्यात शेवटी लिहा.

फाइल कशी ठेवायची हा छोटा मुद्दा आहे. प्लास्टिकच्या पाकिटांची फाइल स्टेशनरीच्या दुकानात मिळते, ती चालते. सोबत मोबाइलनं पानं स्कॅन करून पीडीएफ ड्राइव्हवर ठेवा, फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. फक्त कॉलेजच्या मेल आयडीवर ठेवू नका, पास झाल्यावर तो कधी बंद होईल सांगता येत नाही, स्वतःच्या आयडीवर ठेवा.

ओजेटीबद्दल मात्र सावध. कंपनीच्या लॅबमधल्या मशीनचे, रजिस्टरचे, बॅच नंबरचे फोटो काढून पोर्टफोलिओत टाकू नका, परवानगी लेखी असल्याशिवाय नाहीच. तुम्ही काय शिकलात ते शब्दांत लिहा, "एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर) बेसलाइन स्थिर व्हायची वाट न बघता इंजेक्शन दिलं तर काय होतं ते कळलं", यात कंपनीचं काही गुपित जात नाही. गावात आरोग्याचा किंवा पाण्याचा सर्वे केला असेल तर लोकांची नावं, चेहरे, फोन नंबर पण नकोत.

आणि एआयकडून रिफ्लेक्शन लिहून घेऊ नका. लगेच ओळखू येतं हा भाग सोडा, माझं खरं दुःख वेगळं आहे. तो फ्लास्क गढूळ झाला तेव्हा तिथे उभे तुम्ही होतात. जे घडलं ते फक्त तुम्हालाच माहितीय. इंग्रजी सुधारायला, स्पेलिंग तपासायला वापरा, माझी काही हरकत नाही, पण काय झालं हे तुम्हीच लिहायचं.

हे सगळं कशासाठी, असं पालक विचारतात. मार्कांच्या पलीकडे एक सरळ उपयोग सांगते. तिन्ही विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपसाठी अर्ज करताना स्वतःच्या आवडीबद्दल, कामाबद्दल लिहावं लागतं. एमएस्सीच्या मुलाखतीत, कंपनीच्या मुलाखतीत विचारतात की तुमचं एखादं चुकलेलं प्रॅक्टिकल सांगा, तुम्ही काय केलंत? आमचा एक विद्यार्थी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मुलाखतीत वही घेऊनच गेला, त्यानं तिथे ते गढूळ फ्लास्कचं पान उघडलं, आणि पुढची वीस मिनिटं मुलाखत त्या पानावरच चालली.

शिक्षकांसाठी थोडं

आपण साठ वह्या दर आठवड्याला वाचू शकत नाही. मी पंधरा-पंधरा वाचते, आळीपाळीनं, म्हणजे प्रत्येकाची वही महिन्यातून एकदा माझ्या हातात येते. शेरा दोन ओळींचा, आणि शक्यतो प्रश्नाच्या रूपात: "शेजारच्या टेबलशी तुलना केलीस का?" नुसतं "गुड" लिहून काही होत नाही. इंटर्नलचे मार्क द्यायचे असतील तर तीन गोष्टी बघा: नोंदीत नेमकेपणा आहे का, कारणाचा अंदाज बांधलाय का, आणि मागच्या नोंदीतल्या "आता काय" चं पुढे काही केलं का. भावनांना मार्क देऊ नका. चूक कबूल केली म्हणून कापू तर अजिबात नका, एकदा कापलेत की पुढच्या आठवड्यापासून साठच्या साठ वह्यांत सगळं व्यवस्थित पार पडायला लागेल. आणि एक दिवस फळ्यावर स्वतःची नोंद लिहा. मी माझ्या एमएस्सीच्या दिवसांतली लिहिली होती, प्रॉडक्ट पूर्ण वाळवायच्या आधी मेल्टिंग पॉइंट घेतला आणि तो कमी आला म्हणून तीन दिवस रिॲक्शन चुकली समजत होते. त्यानंतर मुलांच्या वह्या मोकळ्या झाल्या.

टीवायची मुलं म्हणतात, मॅडम आमची दोन वर्षं तर गेली, आता काय करायचं? तर असं करा. एका रविवारी मागची जर्नलं काढून बसा, पानं उलटत जा आणि ज्या प्रयोगांचं काहीतरी खरंच आठवतंय, काच फुटलेली, रंग न आलेला, पार्टनरशी वाद झालेला, असे तीन निवडा. प्रत्येकावर अर्धं पान लिहा. वर आजची तारीख टाका, त्या दिवशीची टाकू नका, आणि खाली लिहा "आठवणीतून". त्या तीन तुमच्या नोंदी क्रमांक १, २, ३. चौथी पुढच्या प्रॅक्टिकलला, ॲप्रन काढायच्या आधी.